कानाचं इंग्रजी, डोळ्यांचं इंग्रजी

(धसई, ता. मुरबाड येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



इंग्रजी ऐकण्याच्या आणि वाचण्याच्या परीक्षेची तयारी कशी करावी, असा विषय मला दिला आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला हा विषय कशाला, असं काहींच्या मनात आलं असेल. शंका रास्त आहे. इंग्रजीचे शिक्षक इथे बसलेले आहेत, आणि व्याकरणात त्यांचा अधिकार माझ्याहून मोठा आहे. पण ऐकलेल्या वाक्यातून अर्थ कळतो म्हणजे नेमकं काय होतं, हा प्रश्न तत्त्वज्ञानाचा आहे. आपल्याकडच्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी त्यावर शतकानुशतकं वाद घातले. त्या वादांतून जे हाती लागलं, ते आज इंग्रजीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलीला उपयोगी पडतं. कसं, ते टप्प्याटप्प्याने सांगतो.

परीक्षा काय मागते?

आधी परीक्षा समजून घेऊ. परदेशी शिकायला किंवा कामाला जाणाऱ्यांसाठी आयईएलटीएस ही परीक्षा 1989 पासून या नावाने चालू आहे. तिचे चार भाग: ऐकणं, वाचणं, लिहिणं आणि बोलणं. आज आपण पहिल्या दोनांपुरतं बोलू.

ऐकण्याचा भाग साधारण 30 मिनिटांचा. त्यात चार तुकडे असतात. पहिल्यात रोजच्या व्यवहारातलं दोघांचं संभाषण, दुसऱ्यात एकाच माणसाने दिलेली माहिती, तिसऱ्यात विद्यार्थ्यांची किंवा विद्यार्थी-शिक्षकांची चर्चा, चौथ्यात व्याख्यान. एकूण प्रश्न 40. आणि ध्वनिमुद्रण एकदाच ऐकवतात, पुन्हा नाही. वाचनाला 60 मिनिटं, तीन लांब उतारे, प्रश्न पुन्हा 40. चुकीच्या उत्तराचे गुण कापत नाहीत, म्हणून एकही जागा कोरी सोडायची नाही. स्पेलिंग चुकलं तर मात्र उत्तर चूक. 'दोन शब्दांत लिहा' म्हटलं आणि तुम्ही तीन लिहिलेत, तरी चूक.

गुण 0 ते 9 या पट्टीवर देतात, त्याला बँड म्हणतात. 40 पैकी साधारण 30 उत्तरं बरोबर आली की 7 बँड मिळतो. ब्रिटनमध्ये नर्स म्हणून नोंदणी करायची असेल, आणि ती याच परीक्षेवरून करायची असेल, तर ऐकणं, वाचणं आणि बोलणं यांत प्रत्येकी 7 आणि लिहिण्यात 6.5 लागतात. आता विचार करा. नर्सिंग पूर्ण केलेली, रात्रपाळ्या केलेली, सलाईन लावण्यात हात बसलेली मुलगी ऐकण्यात 28 वर अडकते. दोन उत्तरांसाठी तिचं सगळं थांबतं. फी पंधरा हजारांच्या वर, आणि निकाल दोन वर्षंच धरतात. ज्या घरात हे पैसे भाताच्या हंगामावर अवलंबून असतात, तिथे ही दोन उत्तरं कुठे गेली हे शोधणं फार गरजेचं आहे.

आणि ज्यांना परदेशी जायचंच नाही, त्यांनीही कान देऊन ऐका. आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेतही इंग्रजीला लेखी 80 गुणांबरोबर तोंडी आणि श्रवणाचे 20 गुण आहेत. ते 20 गुण बहुतेक ठिकाणी कसे 'पडतात', ते आपण सगळे जाणतो. त्यावर अधिक बोलत नाही.

इंग्रजी आपल्याकडे डोळ्यांनी आलं

मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी ऐकून कळत नाही, पण तेच वाक्य फळ्यावर लिहिलं की कळतं. हा अनुभव इथल्या प्रत्येक शिक्षकाला असेल. याचं कारण मुलाच्या बुद्धीत शोधू नका. ते इतिहासात आहे.

मुंबई विद्यापीठ 1857 साली स्थापन झालं. त्या काळापासून पुढे शंभर वर्षं मराठी माणसाला इंग्रजी लागलं ते कशासाठी? कचेरी, कोर्ट, रेल्वे, टपाल यांच्यासाठी. म्हणजे कागदासाठी. अर्ज वाचायचा, टिपण लिहायचं, हुकूम समजून घ्यायचा. म्हणून शिकण्याची रीतही कागदाचीच झाली. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर आपल्या कित्येक पिढ्या वाढल्या. मराठी वाक्य घ्या, त्याचं इंग्रजी करा. इंग्रजी घ्या, मराठी करा. ती पद्धत त्या गरजेला बरोबर होती, तिला नावं ठेवण्याचं काही कारण नाही. पण तिच्यात डोळा होता, लेखणी होती, आणि कान जवळजवळ नव्हता.

पुढे मराठी शाळांत इंग्रजी पाचवीपासून असायचं, ते 2000 सालापासून पहिलीपासून आलं. वर्षं वाढली, पण वाट बहुधा तीच राहिली: शब्द फळ्यावर, अर्थ शेजारी, दहा वेळा लिहा. त्यामुळे आपल्या मुलाकडे इंग्रजी शब्दांचा साठा असतो, पण तो डोळ्यांच्या कोठीत असतो. कानाची कोठी रिकामी.

एक उदाहरण घेऊ. बुधवारच्या इंग्रजी शब्दाच्या स्पेलिंगमध्ये मधे एक 'डी' आहे. डोळ्याने शिकलेला कान 'वेडनेस्डे' ऐकायची वाट बघतो. स्पीकरमधून येतं 'वेन्झडे'. 'कम्फर्टेबल'ची वाट बघतो, येतं 'कम्फ्टबल'. 'व्हेजिटेबल'ची वाट बघतो, येतं 'व्हेज्टबल'. तिन्ही शब्द त्याला येतात. तिन्ही त्याच्या दारावरून जातात आणि तो ओळखत नाही. दोन उत्तरं इथे गेली.

'गेल्तास' कोणत्या पुस्तकात आहे?

इंग्रज माणूस शब्द गिळतो अशी आपली तक्रार असते. पण आपण काय करतो? पुस्तकात लिहिलेलं असतं, 'कुठे गेला होतास?' आपण म्हणतो, 'कुठं गेल्तास?' पुस्तकात 'काय करतो आहेस', तोंडात 'काय करतोयस'. पुस्तकावरून मराठी शिकलेला एखादा जर्मन माणूस धसईच्या स्टँडवर उभा केला, तर 'गेल्तास' हा कोणता शब्द म्हणून तो कोश उघडेल. कोशात तो सापडायचा नाही.

इंग्रजीत हेच जरा जास्त होतं. त्याचं कारण त्या भाषेच्या ठेक्यात आहे. मराठीत आपण जवळजवळ प्रत्येक अक्षराला त्याचा वेळ देतो. इंग्रजीत वाक्यातल्या महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि मधले छोटे शब्द आकसतात. 'अँड'चा नुसता 'न' होतो, 'टू'चा 'ट' होतो. 'व्हॉट डू यू वाँट टू डू' याचं भरभर बोलण्यात 'वॉड्या वॉना डू' होतं. यात आळस नाही, तो त्या भाषेचा नियम आहे. आणि नियम आहे म्हणजे तो शिकता येतो.

जोर कुठे पडतो याने अर्थही ठरतो. तेरा आणि तीस, चौदा आणि चाळीस या इंग्रजी जोड्या घ्या. 'थर्टीन'मध्ये जोर सहसा शेवटाकडे असतो, 'थर्टी'मध्ये सुरुवातीला. आपला कान शेवटचा 'न' शोधत बसतो, तो बोलण्यात कधीकधी नीट ऐकूच येत नाही. त्याऐवजी जोर शोधा. शिवाय आपली संख्या उलटी आहे. आपण 'पंचवीस' म्हणतो, पाच आधी आणि वीस नंतर. इंग्रजीत वीस आधी. संभाषणात फोन नंबर, घर नंबर, किंमत आली की मनातल्या मनात मराठी करायला गेलेला मुलगा अंक उलटे लिहून बसतो. म्हणून आकडे मराठीत वळवायचे नाहीत. ऐकले की थेट अंकांत लिहायचे.

आता कोणी म्हणेल, आमच्या कानाला हे जमणारच नाही. तसं नाही. 'जग' हा शब्द घ्या. 'सारं जग' म्हणताना आपण जो 'ज' म्हणतो, तो 'शंभर वर्षं जग' या आशीर्वादातल्या 'ज'पेक्षा वेगळा आहे. लिपीत अक्षर एकच. शाळेत कोणी हा फरक आपल्याला शिकवला नाही, तरी आपण कधी चुकत नाही. ज्यांच्या भाषेत असे दोन 'ज' नाहीत, त्यांना तो फरक चटकन ऐकू येत नाही. म्हणजे आपला कान बारीक आहेच, फक्त त्याला इंग्रजीचा खुराक मिळालेला नाही.

आणखी एक. या भागातल्या कितीतरी मुलांच्या घरी काातकरी, ठाकरी किंवा आगरी बोलतात. पहिलीत आल्यावर ती मुलं पुस्तकी मराठी ऐकून ऐकून शिकली. घरची एक आणि शाळेची दुसरी, असे दोन कान त्यांनी सहाव्या-सातव्या वर्षी तयार केले. तिसरा तयार करायला ती कमी पडणार नाहीत.

वाक्य कळण्याच्या चार अटी

आता माझ्या विषयाकडे येतो. अन्नंभट्टाचा 'तर्कसंग्रह' हा न्यायशास्त्राचा प्रवेशग्रंथ. वाक्यातून अर्थ कळण्यासाठी काय लागतं, याच्या तीन अटी त्यात दिल्या आहेत: आकांक्षा, योग्यता आणि सन्निधी. त्यांना जोडून चौथीची चर्चा होते, ती तात्पर्याची. परीक्षेच्या खोलीत या चारही अटी तुमच्या कामाला येतात.

आकांक्षा म्हणजे एका शब्दाला असलेली दुसऱ्या शब्दाची भूक. 'गाय, घोडा, माणूस' असे शब्द नुसते उच्चारले तर वाक्य होत नाही, कारण त्यांना एकमेकांची अपेक्षा नाही. पण 'मी मुरबाडहून…' एवढं म्हणून थांबलो की तुमचं मन 'आलो' किंवा 'निघालो' ऐकायला पुढे सरसावतं. प्रत्येक तुकड्याआधी प्रश्न वाचायला थोडा वेळ देतात. त्या वेळात ही आकांक्षा तयार करायची. रिकाम्या जागेआधी 'फी' लिहिलं आहे? मग तिथे आकडा येणार. 'भेटण्याचं ठिकाण' लिहिलं आहे? मग जागेचं नाव येणार. जागेआधी अनेकवचनाची खूण आहे? मग शब्दाच्या शेवटी 'एस' येणार, आणि तो लिहायला विसरलात तर उत्तर चूक. काय येणार हे ठाऊक असलेला कान निम्मं काम आधीच करून ठेवतो.

योग्यता म्हणजे अर्थांचा मेळ. 'तो आगीने शिंपडतो' हे व्याकरणात बसतं, पण अर्थात बसत नाही, कारण शिंपडायला पाणी लागतं. उत्तर लिहून झालं की ते वाक्यात घालून बघा. वाचनालयाचं सभासदत्व 300 पौंड आणि बंगल्याचं भाडं 3 पौंड असं आलं असेल, तर तुमच्या कानाने कुठेतरी घोळ घातला आहे.

सन्निधी म्हणजे शब्द जवळजवळ येणं. एक शब्द सकाळी आणि दुसरा दुपारी उच्चारला, तर वाक्य बनत नाही. ऐकताना आपण ही अट स्वतःच मोडतो. सातव्या प्रश्नाचा शब्द निसटला की त्याच्यामागे मन धावतं, आणि तोवर आठवा आणि नववा निघून जातात. म्हणजे एक चूक तीन होतात. नियम असा ठेवा: निसटलं ते निसटलं. खूण करा, पुढच्या प्रश्नावर बोट ठेवा. एसटी चुकली म्हणून तिच्यामागे पळत कोणी कल्याण गाठत नाही, पुढच्या गाडीकडे बघतो.

चौथी तात्पर्य, म्हणजे बोलणाऱ्याचा हेतू. 'सैंधव आण' असं कोणी म्हटलं. सैंधव म्हणजे मीठही आणि घोडाही. जेवायला बसलेला माणूस म्हणत असेल तर मीठ आणायचं, प्रवासाला निघालेला म्हणत असेल तर घोडा. परीक्षेत तात्पर्याचा सापळा हमखास लावलेला असतो. बोलणारा म्हणतो, 'मंगळवारी येतो… नाही, थांबा, मंगळवारी मला दवाखान्यात जायचंय, बुधवारी भेटू.' पहिला वार कानावर पडताच तो लिहून मोकळा झालेला विद्यार्थी फसला. म्हणून 'बट', 'अ‍ॅक्चुअली', 'सॉरी', 'इन्स्टेड' हे शब्द आले की सावध व्हा. बोलणाऱ्याचं मन तिथे वळतं.

'नाही' आणि 'सांगितलेलं नाही'

आता वाचन. आपला डोळा तयार आहे असं मी म्हटलं, मग इथे गुण का जातात? दोन कारणं आहेत.

पहिलं कारण वेळ. तीन उतारे, 60 मिनिटं, म्हणजे एकाला 20. आपल्याला ओळीमागून ओळ लावत, प्रत्येक अडलेल्या शब्दाचा अर्थ बघत वाचायची सवय. पोथी तशी वाचावी, तिथे ते शोभतं. इथे आधी उताऱ्याचा नकाशा करायचा. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात बघा, हा कशाबद्दल आहे ते दोन शब्दांत शेजारी लिहा, मग प्रश्न घ्या आणि त्या त्या घरात जाऊन उत्तर शोधा. हे काही परकं नाही. डिसेंबर 2016 मध्ये आपलं धसई राज्यातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून गाजलं, दुकानादुकानांत कार्डाची मशीन्स आली. त्या मशीनच्या इंग्रजी स्लिपवर दुकानदार काय बघतो? रक्कम आणि 'अप्रूव्ह्ड' की 'डिक्लाइन्ड'. बाकीचं तो वाचत नाही. प्रश्न मनात धरून केलेलं वाचन हेच.

दुसरं कारण जास्त खोल आहे. या परीक्षेत एक प्रश्नप्रकार असतो: दिलेलं विधान उताऱ्यानुसार खरं, खोटं, की 'दिलेलं नाही'? इथे हुशार मुलंसुद्धा धडाधड पडतात. उदाहरण आपल्या भागाचंच घेऊ. समजा उताऱ्यात एवढंच आहे: 'ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात भातसा धरण आहे. त्याचं पाणी मुंबईला जातं.'

पहिलं विधान: 'मुंबईला भातशाचं पाणी मिळतं.' खरं. दुसरं: 'भातसा धरण पुणे जिल्ह्यात आहे.' उतारा ठाणे म्हणतो, म्हणजे हे विधान उताऱ्याच्या विरुद्ध जातं. खोटं. तिसरं: 'मुंबईला फक्त भातशाचं पाणी मिळतं.' इथे शहापूरचा मुलगा म्हणेल, छे, तानसा आणि वैतरणा कुठे गेले? खोटं! त्याची माहिती अगदी बरोबर आहे, आणि उत्तर चूक. कारण इतर धरणांबद्दल उतारा काहीच बोललेला नाही. उत्तर 'दिलेलं नाही.'

एखादी गोष्ट नाही हे कळणं वेगळं, आणि ती गोष्ट कळलेलीच नाही हे वेगळं. या फरकावर आपल्या दर्शनांत पुष्कळ खल झाला आहे. अभाव कळतो तरी कसा, म्हणून भाट्ट मीमांसक आणि अद्वैत वेदान्ती यांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाणच मानलं. तुम्हाला तो वाद पाठ करायची गरज नाही. एवढंच विचारा: 'हे खोटं आहे' असं मी म्हणतो, तर ते खोटं ठरवणाऱ्या शब्दावर मला उताऱ्यात बोट ठेवता येतं का? बोट ठेवायला शब्द असेल तर खोटं. नसेल तर 'दिलेलं नाही'. घरची माहिती खोलीच्या बाहेर, चपलांबरोबर ठेवा.

ही परीक्षा मुळात तुमचं ज्ञान मोजत नाही. समोरचा जे म्हणाला तेवढंच, त्यात भर न घालता आणि त्यातलं न गाळता, तुम्ही घेतलंत का, हे ती बघते. दवाखान्यातल्या नर्सला औषधाचं प्रमाण सांगितलं जातं तेव्हा हाच गुण लागतो. म्हणून या परीक्षेवर रागावण्यात अर्थ नाही.

चीनमधली मुलं काय करतात?

आपण एकटेच या फेऱ्यात आहोत असं कोणाला वाटेल. म्हणून जरा चीनकडे बघू. तिथे 1977 साली महाविद्यालयीन प्रवेशाची परीक्षा पुन्हा सुरू झाली आणि 1987 पासून विद्यापीठातल्या मुलांसाठी इंग्रजीची राष्ट्रीय परीक्षा आली. तिला लाखो मुलं बसतात. पूर्वी तिच्यात ऐकण्याला 20 टक्के गुण होते. सुधारणा झाल्यावर ऐकण्याला 35 आणि वाचण्याला 35 टक्के झाले. म्हणजे 70 टक्के परीक्षा आजच्या आपल्या विषयाची. तिथे कित्येक विद्यापीठांत ऐकण्याचा भाग रेडिओवरून प्रक्षेपित करतात आणि मुलं हेडफोन लावून ऐकतात. शेजारच्या दक्षिण कोरियात तर महाविद्यालयीन प्रवेश परीक्षेचं इंग्रजी ऐकणं चालू असतं तेवढा वेळ विमानांची उड्डाणं आणि उतरणं थांबवतात. एकदाच ऐकायचं आहे, आवाज नको.

चीनने गुणांची वाटणी का बदलली? कारण त्यांच्याकडे आपलाच आजार होता. त्यांनी त्याला नाव दिलं 'मुकं इंग्रजी'. हजारो शब्द पाठ, व्याकरण पक्कं, पण बोललेलं कळत नाही आणि तोंड उघडत नाही. त्यांची अडचण तर आपल्यापेक्षा कठीण. चिनी बोलीत अक्षराच्या शेवटी स्वर येतो किंवा 'न', 'ङ' असे मोजकेच ध्वनी येतात. 'वर्क्ट', 'आस्क्ट' असे शेवटचे जोड त्यांच्या कानाला फार जड. क्रियापदाचं रूप काळाप्रमाणे बदलतं, ही गोष्टही त्यांच्या भाषेत नाही. आपल्याला 'करतो', 'केलं', 'करीन' हे जन्मापासून ठाऊक आहे.

त्यांनी उपायही नाना केले. बेजिंगमध्ये 1993 साली एका माजी इंग्रजी शिक्षकाने परीक्षांचे क्लास काढले, त्यातून न्यू ओरिएंटल ही प्रचंड कंपनी उभी राहिली. ली यांग नावाचे गृहस्थ मैदानात हजारो लोकांकडून इंग्रजी वाक्यं ओरडून म्हणून घेत. यातलं सगळं घ्यावं असं मी म्हणणार नाही. पण एक गोष्ट घेण्यासारखी आहे आणि ती फुकट आहे. तिथे बागांमध्ये 'इंग्रजी कोपरे' भरत आले आहेत. ठरलेल्या दिवशी माणसं जमतात, मोडकंतोडकं इंग्रजी बोलतात, ऐकतात, घरी जातात. शाळेच्या व्हरांड्यात आठवड्यातून एकदा एक तास असा कोपरा धसईत भरवायला कोणाची परवानगी लागते?

रोजचा अर्धा तास

आता घरी करायचा सराव. कल्याण-ठाण्याला क्लासला जाणं ज्यांना जमेल त्यांनी जावं. पण जे सांगतो आहे ते क्लासने होत नाही, स्वतःच करावं लागतं. आपल्या शाळेत एक चांगली गोष्ट होती, श्रुतलेखन. ती परत आणा.

एक मिनिटाचं इंग्रजी ध्वनिमुद्रण घ्या, ज्याची लिहिलेली प्रत मिळते असं. बीबीसी लर्निंग इंग्लिशवर सहा मिनिटांचे कार्यक्रम लिखित प्रतीसह मोफत मिळतात. रेंज असेल तिथे एकदा उतरवून घ्या, मग रोज नेट लागत नाही. पहिल्यांदा नुसतं ऐका, विषय काय तेवढं पकडा. मग थांबवत थांबवत, जेवढं ऐकू येईल तेवढं वहीत लिहा. पाच वेळा ऐका, सहा वेळा ऐका. नंतर छापील प्रत काढून आपलं लिखाण तपासा.

तपासताना प्रत्येक चुकीपुढे तीनपैकी एक खूण करा. शब्दच माहीत नव्हता, तर 'न'. शब्द माहीत होता पण कानाने ओळखला नाही, तर 'क'. ऐकला बरोबर पण स्पेलिंग चुकलं, तर 'स'. आठ दिवसांनी खुणा मोजा. वहीत 'क' जास्त दिसले तर शब्दांच्या याद्या पाठ करून तुम्हाला काही मिळणार नाही. तेच मिनिट पुन्हा ऐका आणि बोलणाऱ्याच्या सोबतीने, त्याच ठेक्यात, मोठ्याने म्हणा. 'न' जास्त असतील तर वाचन वाढवा. 'स' जास्त असतील तर रोज दहा शब्द लिहून काढा. रोग कळल्याशिवाय औषध घेऊ नका. सरसकट सगळ्यांना एकच गोळी देणाऱ्यापासून जपून राहा.

परीक्षेला महिना उरला की पद्धत बदलायची. आता ध्वनिमुद्रण एकदाच लावायचं, मधे थांबवायचं नाही, घड्याळ समोर ठेवायचं. कॉम्प्युटरवरच्या परीक्षेत शेवटी उत्तरं तपासायला 2 मिनिटंच मिळतात. त्याप्रमाणे सराव करा. वाचनात असा जादा वेळ मिळत नाही, उत्तरं 60 मिनिटांच्या आतच लिहायची.

आणि पालकांना एक विनंती. पोरगी कानाला हेडफोन लावून तेच तेच मिनिट दहा वेळा ऐकत बसली, तर 'मोबाईलवर वेळ घालवते' म्हणू नका. या गावांतून हरिनाम सप्ताह होतात. कीर्तन ऐकून आल्यावर, बुवांनी कोणता दृष्टांत दिला हे घरी सांगणाऱ्या आज्या तुम्ही पाहिल्या आहेत. त्यातल्या कितीजणींना अक्षरओळख नव्हती. त्यांच्याकडे जे होतं त्याला अवधान म्हणतात. ज्ञानेश्वर महाराज आपल्या श्रोत्यांकडे पुन्हा पुन्हा तेच मागतात. तुमची मुलगी तेच अवधान परक्या भाषेत लावते आहे. ती अर्धा तास बसेल तेव्हा टीव्हीचा आवाज तेवढा कमी करा.

शेवटी एका प्रश्नाचं उत्तर देतो, चिठ्ठीवर आला आहे. 'मराठी माध्यमातून शिकलो, उशीर झाला का?' डोळ्याने शिकलेले शब्द फुकट गेलेले नाहीत, ते कोठीत आहेत. त्यांचे आवाज तेवढे शिकायचे राहिलेत. सुरुवातीचे पंधरा दिवस वही लाल खुणांनी भरेल, तेव्हा ती फेकून देऊ नका, तारीख घालून ठेवा. तीन महिन्यांनी पहिलं पान आणि त्या दिवसाचं पान शेजारी शेजारी ठेवा आणि 'क' मोजा. मग फॉर्म भरायचा की आणखी थांबायचं, ते तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.

वेळ झाली. वही आजच घाला.